फेब्रुवारीत गाव मिरचीला गेलेलं असतं, मग आमची मोजणी कुठं होणार?

पळसफूल

नमस्कार मंडळी. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यामुळे प्रश्न घरचाही आहे आणि गावचाही.

जनगणनेतलं घरयादीचं काम आमच्याकडे झालं. मॅडम आल्या, भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, मुख्य धान्य कोणतं खाता, सगळं मोबाइलवर भरून गेल्या. घर जागचं हलत नाही, म्हणून ते काम सोपं. माणसांची मोजणी मात्र फेब्रुवारी 2027 मध्ये आहे, आणि 1 मार्च 2027 ला मध्यरात्री जो आकडा असेल तो देशाचा आकडा धरणार आहेत.

फेब्रुवारीत आमच्या गावात कोण असतं ते सांगते. धानाची मळणी झाली की हाताला काम राहत नाही. संक्रांत झाली की मिरची तोडायला न्यायला तेलंगणातून गाड्या येतात. खम्मम, वरंगलकडे जातात आमची माणसं. नवरा, बायको, तान्हं लेकरू, गंज-भांडे, अंथरूण, सगळं एका पिकअपमध्ये. कुणी होळीला परत येतं, कुणी थेट एप्रिलात. मागे राहतात म्हातारे आणि आजीजवळ ठेवलेली शाळेतली मुलं. मागच्या फेब्रुवारीत वॉर्डात फिरले तेव्हा एका ओळीत अकरा दारांना कुलपं होती.

मासिक सभेत एकानं विचारलं, "आपण मतदार यादीत आहो, रेशनकार्डावर आहो, आधारवर गावाचाच पत्ता आहे, मग मोजणीत कसे नाही येणार जी?" मला उत्तर देता आलं नाही. मनात आलं, कुलूप असलेल्या घरांची माणसं आपणच सांगून टाकू. नावं, वयं मला पाठ आहेत. असं चालतं का? आणि आमदार-खासदारांच्या जागा याच मोजणीवरून ठरणार असं ऐकते, मग आमची ही माणसं कुणाच्या हिशेबात जाणार?

निवृत्त_मास्तर

ताई, 2011 ला सिंदेवाही तालुक्यात मी प्रगणक होतो, म्हणून अनुभवावरून सांगतो.

तेव्हा मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी होती. त्या वीस दिवसांत जो माणूस एक दिवस का होईना आपल्या नेहमीच्या घरी राहिला, त्याची नोंद त्या घरी. दारावर गेलो तेव्हा तो बाहेर असला पण 28 च्या आत परतणार असला, तरी त्या घरीच. मात्र जो पूर्ण वीस दिवस बाहेर असणार, त्याला घरी लिहायचं नाही. तो जिथं सापडेल तिथल्या प्रगणकानं लिहायचं. 28 च्या रात्री बेघर लोकांची मोजणी. मग 1 ते 5 मार्च पुन्हा एक फेरी, मधल्या काळात जन्मलेलं बाळ जोडायचं आणि वारलेलं माणूस कमी करायचं.

मतदार यादीचं गणित याच्या उलट आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे, की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं गावातलं सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. म्हणून मिरचीला गेलेल्याचं मत गावात शाबूत राहतं आणि त्याची मोजणी मात्र दुसऱ्या राज्यात जाते. तुमच्या सभेतल्या माणसाला हेच उत्तर द्या.

माझ्या गटात एक आजी होती. घरात तिघं, ती आणि दोन नातवंडं. मुलगा-सून जानेवारीतच गेलेले, होळीनंतर येणार होते. मी तीन नावं लिहून पेन बंद केला तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाबू, मेले का जी ते दोघं? लिवत काऊन नाही?" मी नियम समजावला. तिला तो पटला नाही, आणि खरं सांगू का, तो नियम सांगताना मलाही बरं वाटत नव्हतं. ते दोघं तिकडे कुणी लिहिले का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेतातल्या पालावर तेलुगू बोलणारा प्रगणक पोचला असेल तर लिहिले असतील.

तुमच्या शेवटच्या विचाराबद्दल हात जोडून सांगतो, तसं करू नका. जनगणना कायदा 1948 चा आहे. त्यात खरं उत्तर देणं बंधनकारक आहे आणि जाणूनबुजून खोटं सांगणं गुन्हा आहे. आणि ती माणसं तिकडेही लिहिली गेली तर एक माणूस दोनदा होतो.

कपाशीचं_रान

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. जागांचं मी थोडं वाचलं आहे, तेवढं मांडतो.

लोकसभेच्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या, हे घटनेचं 81 वं कलम. दर जनगणनेनंतर त्या नव्यानं जुळवायच्या, हे 82 वं. विधानसभेसाठी 170 वं. पण 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं हे गोठवलं. ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा घटू नयेत, हा हेतू होता. 84 व्या दुरुस्तीनं ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आताच्या मोजणीचा क्षण 1 मार्च 2027 आहे, म्हणजे ती हीच मोजणी.

राज्याच्या एकूण जागा गोठलेल्या असल्या तरी राज्याच्या आतली वाटणी 2001 च्या आकड्यांवर पुन्हा झाली, ती 2008 ला लागू झाली. विदर्भाचे आमदार 66 वरून 62 झाले. खासदार 11 वरून 10 झाले. चिमूर आणि वाशीम हे लोकसभा मतदारसंघ शेजाऱ्यांत मिसळले, गडचिरोली-चिमूर आणि यवतमाळ-वाशीम तयार झाले. पळसफूल ताईंच्या जिल्ह्यात सावली हा विधानसभा मतदारसंघ होता, तो राहिला नाही. आमच्या बाजूला अमरावती जिल्ह्यातला वलगाव गेला. एकही माणूस गावातून हाकलला नाही, फक्त ठाणे-पुण्याकडची माणसं आपल्यापेक्षा वेगानं वाढली, एवढ्यानं चार आमदार गेले.

पुढचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. राज्याच्या जागा 288 च राहिल्या असं धरू. 2011 ला महाराष्ट्र 11.24 कोटी, म्हणजे एका आमदारामागे साधारण 3.90 लाख माणसं. विदर्भाचे अकरा जिल्हे मिळून 2.30 कोटी. येतात 59 जागा. वर्धा जिल्हा 13.01 लाखांचा, भागाकार 3.33 येतो, आज चार आमदार आहेत, उरतील तीन. गोंदिया 13.22 लाख, तिथंही चाराचे तीन. अमरावती 28.88 लाख, आठाचे सात. चंद्रपूर 22.04 लाख, भागाकार 5.65, म्हणून सहा टिकतात. पण हे सहा अर्ध्याच्या वर असल्यामुळे टिकतात. साधारण 58 हजार माणसं मोजायची राहिली तर तो 5.5 च्या खाली येतो आणि सहावी जागा जाते.

हा हिशेब 2011 चा आहे. 2027 चा आकडा वेगळा येईल आणि एकूण जागा वाढल्या तर भागाकारही बदलेल. पण कुलपाच्या एकेका दाराचं वजन किती, ते यातून दिसतं.

वऱ्हाडातला_बाप्या

भाऊ, हिशेब चांगला मांडला. पन मले एक सांगा, जागा देताना नुसती डोकी काऊन मोजायची? मोठ्या शहरात अर्धे लोक बाहेरचे. त्याइचं मत त्याइच्या गावात. काही तर या देशाचे नागरिकच नाईत. त्याइच्या डोक्यावर तिकडे आमदार वाढते अन् आमच्या बाळापुराकडचा शेतकरी, जो बापजाद्यापासून इथं राह्यते, दर निवडणुकीले उन्हात उभा राहून मत देते, त्याचा आमदार कमी होते. हे न्यायाचं हाय का? मतदार मोजा, नागरिक मोजा, अन् त्याच्यावर जागा द्या. नागपूर करार झाला 1953 साली, तवा बी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देऊ म्हनले होते. अनुशेष काही भरला नाई. आता लोकसंख्येच्याच नावानं आमदारबी चालले. मले याचा लई त्रास होते.

इटियाडोह_काठ

बाप्याभाऊ, तुमचा त्रास कळतो. मी गोंदिया जिल्ह्यातला आहे, वरच्या हिशेबात आमचाच एक आमदार जातो आहे. तरीही नागरिकच मोजा या म्हणण्याला मी तयार नाही, आणि कारण माझ्या घराजवळचं आहे.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नाव. 1972 पासून आहे. मी शाळेत असताना त्यांची मुलं आमच्या बाजाराला यायची. हिवाळ्यात ही माणसं स्वेटर विकायला शहराशहरात जातात, जशी आपली मिरचीला जातात. यांतले बरेच जण कागदावर परदेशी नागरिक आहेत. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 च्या आत भारतात जन्मलेला मात्र नागरिकत्व कायद्यानं जन्मानंच भारतीय, आणि 2014 ला निवडणूक आयोगानं अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. म्हणजे एका घरात बाप परदेशी आणि मुलगा मतदार, असं होऊ शकतं.

जनगणनेत ते सगळे मोजले जातात. तिथं प्रश्न नागरिकत्वाचा नसतो, इथं राहतो का एवढाच असतो. घटनेतही जागावाटपासाठी शब्द "लोकसंख्या" आहे. मतदार असायला नागरिक असावं लागतं, मोजलं जायला नाही. आणि मला ते बरोबर वाटतं. त्या वसाहतीचा रस्ता, दवाखान्यातली औषधं, नळाचं पाणी हे माणसांना लागतं.

पायवाट_धारणी

मेळघाटात शिक्षक आहे. बाप्याभाऊंच्या मुद्द्यावर एकच भर घालतो.

मतदार मोजून जागा दिल्या तर अठराच्या आतली सगळी पोरं हिशेबातून बाहेर पडतात. माझ्या वर्गात चाळीस कोरकू मुलं आहेत. एकाचंही मत नाही. पण आश्रमशाळेचं छत, पोषण आहार, पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर येणारी आरोग्याची गाडी, हे सगळे विधानसभेत त्यांच्याच वतीनं विचारायचे प्रश्न आहेत. जिथं घरटी लेकरं जास्त तिथं मतदार मोजणं म्हणजे त्या भागाचं वजन कमी करणं. मेळघाट पहिला तोट्यात जाईल.

दुसरं, अनुसूचित जमातीच्या राखीव जागाही याच मोजणीतून येतात. राज्यात आज 25 आहेत, त्यातल्या सात आपल्याकडे: मेळघाट, आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, राळेगाव, आर्णी. राज्यातली जमातींची लोकसंख्या किती, त्यावर राखीव जागांची संख्या, आणि जिथं प्रमाण जास्त तिथं ती जागा. आता विचार करा, फेब्रुवारीत कुलूप कुणाच्या दाराला असतं? माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत कामावर जातात. तोट्यावर तोटा आहे हा.

वऱ्हाडातला_बाप्या

लेकरांचं म्या ध्यानात घेतलं नव्हतं गुरुजी. माह्या घरीच तीन नातवंडं हायत. ते मानलं. पन नागरिक नसलेल्याइचं मले अजून पटत नाई. गोठणगावचे लोक पन्नास वर्सांपासून राह्यतात, त्याइचं येगळं. काल आलेला अन् उद्या जानारा, त्याच्या नावानं आमदार कसा द्यायचा?

कपाशीचं_रान

हा वाद आपलाच नाही. अमेरिकेत तो सव्वादोनशे वर्षांपासून चालू आहे. तिथं 1787 च्या घटनेत गुलाम माणूस जागावाटपासाठी तीन-पंचमांश धरला होता. त्याला मत नव्हतं, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जागा मिळायच्या. यादवी युद्धानंतर 14 वी दुरुस्ती आली आणि प्रत्येक राज्यातल्या सगळ्या व्यक्ती मोजायच्या असं ठरलं. त्यावरच त्यांच्या 435 जागा आजही वाटल्या जातात. 2019 ला तिथल्या सरकारला जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा होता, सर्वोच्च न्यायालयानं सरकारनं दिलेलं कारण पटण्यासारखं नाही म्हणून तो अडवला. भीती अशी होती, की प्रश्न विचारला की लोक दारच उघडणार नाहीत, आणि मग नागरिकही मोजायचे राहतील.

ही भीती आपल्याकडे लागू आहे. पोंभुर्ण्याकडच्या पारध्याच्या पालावर जाऊन "नागरिक आहेस का, कागद दाखव" असं म्हटलं तर तो बिऱ्हाड उचलून निघून जाईल. त्याच्याइतका या मातीचा कोण आहे?

निवृत्त_मास्तर

कागदाबद्दल बोलणं निघालंच आहे तर सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. 2011 ला मी एकाही घरी कागद मागितला नाही. जनगणनेचं उत्तर तोंडी असतं. जे सांगितलं ते गोपनीय, ते तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, असं कायद्याच्या 15 व्या कलमात आहे. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही वेगळी. ती 1955 च्या नागरिकत्व कायद्याखालच्या 2003 च्या नियमांतून येते. ही दोन कामं लोकांच्या डोक्यात एक झाली आहेत. मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं साठच्या दशकापासून आहेत. तिथल्या एका ओळखीच्यांनी मला मागे फोनवर विचारलं होतं, "सर, नाव लिहू की नको?" मी म्हटलं, लिहा, घरातलं तान्हं बाळसुद्धा लिहा.

पुण्यात_यवतमाळ

मी दिग्रसचा, बारा वर्षं झाली हिंजवडीला आहे. आईवडील गावी. हे सगळं वाचून वाटलं, फेब्रुवारीत आठ दिवस सुट्टी काढून गावी जावं आणि तिथं नाव लिहून घ्यावं. माझ्यासारखे हजारो आहेत. एवढं केलं तर यवतमाळचं वजन टिकेल ना?

निवृत्त_मास्तर

नाही बेटा. तुझं नेहमीचं घर पुण्यात आहे. बारा वर्षं तिथलं पाणी, तिथले रस्ते वापरतोस, तिथंच तुझी नोंद. आठ दिवसांचा पाहुणा म्हणून गेलास तरी उरलेले दिवस पुण्यात असशील, म्हणजे नोंद पुण्याचीच. तू जाऊन आईवडिलांना मोजणीच्या दिवशी घरी राहायला सांग. मोबाइलवर स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, ती त्यांना भरून दे. खेड्यातली एकटी म्हातारी माणसं दुपारी वावरात असतात आणि प्रगणक दार वाजवून निघून जातो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

पुण्यात_यवतमाळ

समजलं सर. मन तयार होत नाही, पण समजलं.

पळसफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा फोनवरून सभेत वाचून दाखवला. ग्रामसेवकांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली: आमची पंचायत नऊ सदस्यांची आहे, कारण लोकसंख्या दीड हजाराच्या थोडी वर आहे. खाली गेली की सात. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसाही 2011 च्याच लोकसंख्येवर आला. लोकांना आमदारापेक्षा हे पटकन समजलं.

कुलपाच्या घरांची नावं मी सांगणार नाही. मास्तरांच्या आजीचं वाक्य सभेत वाचलं तेव्हा दोन बाया रडल्या, त्यातल्या एकीची सून दरवर्षी जाते. तरी ती स्वतःच म्हणाली, "खोटं नको लिवू बाई, पन त्याइले येऊ दे दोन दिवस."

मग यावरच बोलणं झालं. वीस दिवसांतला एक मुक्काम घरी पडला तरी नोंद घरी, असं मास्तरांनी लिहिलं. आमच्या गावातून दोन टोळ्या जातात. पहिली संक्रांतीला जाते, तिला थांबवता येणार नाही. रोजच्या मजुरीवर चूल चालते, मी कुणाला काम सोडा म्हणणार नाही. दुसरी टोळी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघते. तिच्या मुकादमाशी काल संध्याकाळी बोलले. मोजणी सुरू झाल्यावर दोन दिवसांनी गाडी आणायला तो तयार आहे, शेतमालकाला विचारून सांगतो म्हणाला. त्याचंही घर याच गावात आहे.

पहिल्या टोळीसाठी एका कागदावर तेलुगूत चार ओळी लिहून हव्यात. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले, जानेवारीपासून इथंच आहो, आमच्या घरी आमची नोंद होणार नाही, म्हणून इथं मोजा, एवढंच. निदान कुठं तरी तर मोजले जातील. सिरोंच्याकडचं कुणी इथं असेल, ज्याला तेलुगू लिहिता येतं, त्यांनी कृपा करून लिहून द्यावं. मी बाजारात जाऊन पन्नास झेरॉक्स काढते.

प्राणहिता_पल्याड

ताई, मी सिरोंच्याचा. घरी तेलुगूच बोलतो. आज रात्री लिहून पाठवतो. मुकादमाच्या नावाची आणि शेत कोणत्या गावच्या शिवारात आहे त्याची जागा रिकामी सोडतो, ती तुम्ही तिथं पोचल्यावर भरायला सांगा. प्रगणकाला शिवाराचं नाव लागतं.